प्रयुक्त

वैदेही धकाते, बी. ए. भाग एक,
तिला दोन प्रयुक्त हवे होते.
एक मैत्रीण मिळाली. दुसरा मी.
"काही करा नाही लागत काका, फक्त बसा लागते,"
म्हणाली, आणि गोळीबार चौकातल्या दुकानातून
भर दुपारी मला स्कूटीवर मागं बसवून घेऊन गेली.

वहीत लिहिलं: प्रयुक्ताचं वय एकोणसाठ.
शिक्षण सातवी. व्यवसाय शिंपी.
मनःस्थिती: सामान्य.
हे मात्र न विचारताच लिहिलं.
"सगळ्यांची सामान्यच असते जर्नलमध्ये."

पहिला प्रयोग, निरर्थक शब्दांचं स्मरण.
कार्डामागून कार्ड.
केव. झुब. लिप. धोट.
मी थांबलो.
पोरी, हा निरर्थक कसा?
बापाच्या मागावर धोटा असाच वाजायचा,
जाताना धोट,
शेवटचा आ परत येताना.
ज्या साली माग विकला
त्या साली घर इतकं गप्प झालं
की आई उगाच भांडी आपटायची.

"काका, अर्थ नका लावू.
अर्थ लागला की प्रयोग बिघडते."
बरं म्हणालो.
दहापैकी नऊ विसरलो.
तिनं रकान्यात एक लिहिलं.

कुलरचा पंप बंद पडला तेवढ्या वेळात
तिनं परीक्षेचं सगळं माझ्यासमोर घोकून घेतलं:
उद्दीपक, प्रतिक्रिया, प्रबलन, विलोपन,
घंटी वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, ते अभिसंधान.
मी विचारलं, बकरी चालते का?
शटर ओढलं की गल्लीतली बकरी येते माझ्याकडे,
उरलेली पोळी मिळते म्हणून.
आता तर शेजारच्याचं शटर वाजलं तरी येते.
"हे सामान्यीकरण!" वैदेही एवढ्यानं ओरडली
की मॅडम आत डोकावल्या.

दुसरा प्रयोग भ्रमाचा.
पट्टीवर दोन रेघा.
एकीची टोकं बाहेर उघडलेली, हात पसरल्यासारखी.
एकीची आत मिटलेली.
सरकवा, सारख्या करा.
चाळीस वर्षं नुसत्या नजरेनं कापड कापलं,
सुतानं चुकलो नाही.
इथं अकरा मिलिमीटर चुकलो.
मग तिनं सारख्या करून दाखवल्या.
आता मला माहीत होतं.
माहीत असूनही
उघडी लांबच दिसत होती, मिटलेली आखूडच.
"माहिती असल्यानं भ्रम जात नाही काका. पाच मार्काले आहे हे."

शैलेश हैदराबादला असतो.
फोनवर हसला तरी दुकान भरून जातं.
प्रफुल माझ्या उजव्या हाताला बसून काजं करतो,
मान खाली, खांदे आत.
गिऱ्हाइकानं विचारलं, मुलगा काय करतो,
तर मी हैदराबादपासून सुरू करतो
आणि बहुतेक तिथंच थांबतो.
सुईचा आवाज होत नाही.

शेवटचा रकाना, प्रयुक्ताचं आत्मनिवेदन.
"प्रयोग करताना मनात काय आलं?"
पेन उघडं धरून ती वाट बघत राहिली.
ओळी दोनच होत्या.
छान वाटलं, म्हणालो.
तिनं लिहिलं, मी सही केली.

परत आलो तेव्हा प्रफुल कुलरमध्ये पाणी टाकून राहिला होता.
"कायचा प्रयोग होता जी?"
उभा राय, म्हटलं. सरळ. तुयं माप घ्यायचं हाय.
त्याचं माप कधी घेतलंच नव्हतं.
शैलेशच्या मापावरून कापायचो,
अंदाजानं अर्धा इंच कमी धरून,
काखेत घट्ट होतं असं तो कधी बोलला नाही.
टेप लावला.
खांदा साडेअठरा.
वहीत शैलेशचाही साडेअठरा.

प्रफुलनं टेपकडे पाह्यलं,
मग माझ्याकडे.
"एवढा नसन बाबा," म्हणाला,
"पुन्हा मोजा."